टॉवेलखालचं बीपी

आमच्या घरी बैल आला तो अण्णांच्या रक्तदाबामुळे.

हे वाक्य ऐकून बहुतेक लोक "हो का?" म्हणतात आणि विषय बदलतात. मीही जास्त खुलासा करत नाही. मुळात मला खुलासे करताच येत नाहीत. मी लहानपणापासून बोलण्यापेक्षा बघण्यातली. पण या एका प्रकरणात मी डोळे फाडफाडून सगळीकडे बघितलं आणि नेमकं जिथे बघायचं तिथे बघितलं नाही, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. मखमलाबादला आमचा मळा. दिवाळीपर्यंत झेंडू, त्यानंतर कोबी आणि फ्लॉवर. अण्णा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी बैलबाजारात दलाल होते. पुढे बाजार सुटला, शेती राहिली. मला मात्र त्यांनी रोज रिक्षात कोंबून शहरातल्या इंग्रजी शाळेत पाठवलं. त्याचा परिणाम असा झाला, की गल्लीत कुठेही इंग्रजी अक्षर उगवलं की ते माझ्यापुढे यायचं. औषधाची बाटली, मोटारीची वॉरंटी, कुणाच्या तरी जावयाच्या नोकरीचा कागद. "पोरगी इंग्लिश मीडियमची हाय" एवढ्या भांडवलावर मी आमच्या भागाची वकील, इंजिनियर आणि डॉक्टर होते. (मी कॉमर्सला होते.)

त्या वर्षी अण्णांना हर्निया झाला. गंगापूर रोडच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "झेंडू उरकला की ऑपरेशन करून टाकू." मग सहज बीपी बघितलं. एकशे चौसष्ट, शहाण्णव. डॉक्टरांनी कानातली नळी काढून गळ्यात टाकली.

"हे खाली आल्याशिवाय मी हात लावणार नाही."

"आन् नाय आलं तर?" अण्णांनी विचारलं.

"आणावंच लागेल. हर्निया आत कुठे अडकला तर मग घाईघाईत ऑपरेशन करायची वेळ येईल. ती मला नकोय." त्यांनी एक गोळी लिहून दिली. "काही जणांचं दवाखान्यात आलं की वाढतं. घरी मशीन आणा. रोज ठरावीक वेळी मोजा. आठवडाभर वरचा आकडा एकशे चाळीसच्या आत आणि खालचा नव्वदच्या आत राहिला, की तारीख देतो."

म्हणजे बीपी उतरलं नाही तर ऑपरेशन नाही, आणि ऑपरेशन लांबलं तर हर्निया अडकणार! घरी येईपर्यंत मी हेच गणित उलटसुलट करत बसले. शिवाय पलीकडच्या मळ्यातल्या आजोबांना बीपीमुळेच अर्धांगवायू झालेला मी बघितला होता. त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. तेव्हापासून अण्णा हसले की मी त्यांच्या ओठांकडे टक लावून बघायचे, की दोन्ही कोपरे सारखे वर जातायत ना? अण्णांना वाटलं, पोरगी आपल्या विनोदाला दाद देतेय. त्यांनी विनोद वाढवले. मी आणखी टक लावली.

मशीन आलं. सोबत इंग्रजी पुस्तिका. अर्थात माझ्याकडे!

"काय म्हणतंय?" आईने विचारलं.

"खुर्चीत टेकून बसायचं. पाय जमिनीवर, एकावर एक टाकायचे नाहीत. आधी पाच मिनिटं शांत राहायचं. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर, छातीच्या उंचीला. चहा, तंबाखू अर्धा तास आधी बंद."

"बीपी मोजायचंय का सोवळं पाळायचंय?" अण्णा म्हणाले.

मशीनवर दोन आकडे उमटले. मी माझ्या परीने समजावून सांगितलं, की वरचा आकडा म्हणजे हृदय रक्त ढकलतं तेव्हाचा दाब, खालचा म्हणजे ते मध्ये विसावतं तेव्हाचा. अण्णांनी मान डोलावली.

"कळलं. एकशे साठ मागतोय, नव्वदला मागणी आलीय. सव्वाशेला भाव तुटंल, सौदा जमंल!"

मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

पहिल्याच संध्याकाळी आमच्या पडवीत माणूस मावेना. आजाऱ्याला भेटायला येणं हा एक भाग, आणि मशीन बघणं हा दुसरा. पट्टा फुगायला लागला तसा एकाने आकडा वाचायला सुरुवात केली. "शंभर! एकशे वीस! एकशे पन्नास!" दुसऱ्याने त्यावर सूर लावला, "एकशे साठ, एकशे सत्तर! आहे का पुढं कुणी?" सगळी मार्केटची माणसं. आकडा चढताना दिसला की त्यांना राहवतच नाही. पट्टा फुगताना चढणारा आकडा म्हणजे बीपी नसतं, हवा सुटताना जो येतो तोच खरा, हे मला त्यांना सांगायचं होतं. मी तोंडही उघडलं होतं. पण तेवढ्यात आकडा थांबला, एकशे सत्तरवर! आणि सगळ्यांनी एकदम "अरारारा!" केलं. अण्णांचे कान लाल झाले.

"सुजे, सांग ना त्यांना बाहेर जायला," आई माझ्या कानात कुजबुजली.

"तूच सांग."

"मी कशी सांगू? तू शिकलेली."

मोठ्या माणसांना "बाहेर जा" म्हणायचं कोणत्या शाळेत शिकवतात मला माहीत नाही. आमच्या शाळेत नव्हतं. मी रात्रभर विचार केला आणि दुसऱ्या दिवशी उपाय काढला. न बोलता करता येईल असा, म्हणजे अगदी माझ्यासारखा. पट्टा बांधला, हात टेबलावर ठेवला, आणि दंडापासून बोटांपर्यंत सगळ्यावर आईचा मोठा पंचरंगी टॉवेल टाकला. मशीनचा पडदा फक्त माझ्या बाजूने उघडा. आकडा दिसेना, तसे लोक कंटाळले. आईला तर टॉवेल फारच आवडला. "बरं झालं, दृष्ट लागायची नाही," म्हणाली.

चार दिवसांत गर्दी गेली. उरले एकटे दामूकाका.

दामूकाका म्हणजे अण्णांचे बैलबाजारातले जोडीदार. आमच्या शेजारीच त्यांची वस्ती. रोज संध्याकाळी, मोजायच्या वेळेला, ते अण्णांच्या डाव्या हाताला स्टूल घेऊन बसायचे. त्यांना "या वेळी येऊ नका" म्हणणं म्हणजे अण्णांना "श्वास घेऊ नका" म्हणण्यासारखं होतं. अडचण एवढीच, की दोघं अखंड बोलत. आणि पुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहिलं होतं, मोजताना बोलू नका.

मी सगळं धैर्य एकवटलं. "काका, मोजताना बोलायचं नसतं. त्याने आकडा वाढतो."

"आसं व्हय? मग नाय बोलत," दामूकाका म्हणाले. "आपण काय लहान हाय का?"

आणि खरंच, दोघं गप्प! समोर बघत, ताठ, गंभीर, शाळेच्या ग्रुप फोटोतल्यासारखे. मला माझाच अभिमान वाटला. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी काहीतरी सांगितलं होतं आणि त्यांनी ते ऐकलं होतं.

हवा फुसफुसत सुटली. एकशे अडुसष्ट, शंभर.

दुसऱ्या दिवशी एकशे पासष्ट. तिसऱ्या दिवशी एकशे बहात्तर. दोघं पूर्ण गप्प, पाय जमिनीवर, पाठ टेकलेली, आणि आकडा वर! एवढंच नाही. एके दिवशी मला टॉवेल हलताना दिसला. हातावरचा. आधी वाटलं, पट्टा फुगतोय. पण पट्टा दंडावर होता आणि हालचाल बोटांपाशी. अण्णांचा हात थरथरत होता! मला पलीकडच्या मळ्यातले आजोबा आठवले. मी कुणाला काही बोलले नाही. (बोलले असते तर गोष्ट इथेच संपली असती, पण मग मी मी राहिले नसते.) त्याऐवजी मी अण्णांवर गुपचूप पाळत ठेवली. शर्टाची बटणं नीट लागतात का? चहाची बशी हलते का? कोबीची रोपं सरळ रेषेत लावतात का? रोपं इतकी सरळ होती की मला रडू यायचं.

आईने आपल्या परीने युद्ध सुरू केलं. पापड गेले, लोणचं गेलं, ठेच्याचा खलबत्ता माळ्यावर गेला.

"ही भाजी हाय का धुणं भिजवलेलं पाणी?" अण्णांनी पहिल्याच घासाला विचारलं.

"मीठ कमी आहे. खा मुकाट्यानं."

"आगं, पण मीठ नाय तर जीव कशात ठेवायचा?"

"जीव राहावा म्हणूनच!" आई म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावून आत गेली. अण्णांनी पुढे काही न बोलता ती भाजी संपवली. त्या दिवशी मला कळलं, की घाबरलेली मी एकटीच नव्हते.

डॉक्टरांना मशीनमध्ये साठलेले आकडे दाखवले. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि दुसरी गोळी वाढवली. ऑपरेशन पुढे गेलं. आकडे जागचे हलले नाहीत. अण्णांना जड उचललं की पोटात ओढ लागायची. ते आम्हाला सांगायचे नाहीत, पण पाटी उचलताना एक क्षण थांबायचे. मी तो क्षण बघायचे.

मग दामूकाका देवळ्याला लेकीकडे कांद्याच्या लागवडीला गेले. त्याच संध्याकाळी मशीनवर आलं, एकशे दोन, चौसष्ट!

"आई! उतरलं!" मी ओरडले. (मी ओरडले, हीच त्या दिवसाची मोठी बातमी होती.)

"देव पावला गं बाई!" आईने जागच्या जागी हात जोडले.

अण्णा आनंदाने खुर्चीतून उठले, "आता आण ठेचा," म्हणाले, आणि डुलले. सरळ तुळशीवृंदावनाच्या दिशेने. आईने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या बाजूने. चेहरा पांढरा फटक! त्यांना खाली झोपवलं, पाय उशीवर ठेवले. घाईघाईत माझा फोन दोनदा भलत्यांनाच लागला. त्यातल्या एका गृहस्थांना मी अण्णांचं बीपी सांगूनही टाकलं. त्यांनी "काळजी घ्या" म्हणून ठेवला.

शेवटी डॉक्टर मिळाले. "आजची संध्याकाळची गोळी देऊ नका. झोपवून ठेवा, पाणी द्या, आणि उद्या सकाळी घेऊन या. कालपर्यंत एकशे सत्तर आणि आज एकशे दोन? काय करता काय तुम्ही घरी?"

हा प्रश्न त्यांनी दुसऱ्या दिवशी दवाखान्यातही विचारला, माझ्याकडे बघून. आई होतीच, दामूकाकाही आले होते. बातमी कळताच ते पहाटेच्या एसटीने देवळ्याहून परतले होते आणि सगळ्यांत जास्त घाबरलेले तेच दिसत होते.

"तुम्ही मोजता ना? मग घरी जसं मोजता, अगदी तसंच मला करून दाखवा. काहीही बदलू नका," डॉक्टर मला म्हणाले.

तोंडी परीक्षेत मी कायम नापासाच्या उंबरठ्यावर असायचे. मी खुर्ची सरकवली. अण्णांचे पाय तपासले. पट्टा बांधला. पिशवीतून पंचरंगी टॉवेल काढला.

"हे काय?" डॉक्टर म्हणाले.

"टॉवेल," मी म्हणाले.

"ते दिसतंय. बरं, चालू द्या."

मी टॉवेल पांघरला. दामूकाकांनी सवयीने डाव्या बाजूला स्टूल ओढलं. दोघं समोरच्या भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या चित्राकडे बघत गप्प झाले. पाच मिनिटांनी मी बटण दाबलं. मशीन घुरघुरलं. आणि टॉवेल हलला.

"डॉक्टर," मी हळूच म्हणाले, "त्यांचा हात थरथरतो. रोज. मला वाटतं... मेंदूचं काहीतरी..."

डॉक्टर वाकले. टॉवेलखाली घूस शिरावी तशी हालचाल चालली होती. त्यांनी टॉवेलचं टोक चिमटीत धरलं आणि उचललं.

खाली दोन हात होते!

अण्णांचा डावा आणि दामूकाकांचा उजवा. अण्णांनी काकांची तीन बोटं जीव खाऊन आवळली होती, आणि काका ती सोडवून चौथं बोट अण्णांच्या मुठीत घुसवायला बघत होते. मशीनने बीप केलं. एकशे सत्तर, अठ्ठ्याण्णव.

"काय चाललंय हे?"

"काय नाय," दामूकाका म्हणाले. "पोरगी म्हणली बोलू नका. आम्ही कुठं बोललो?"

बैलबाजारात सौदा तोंडाने होत नाही. भोवतीच्या माणसांना भाव कळू नये म्हणून हातांवर उपरणं टाकतात आणि खालून बोटं दाबतात. एक बोट, दोन बोटं, नको असेल तर झटकणं, आणि पटलं की सगळा पंजा आवळून एकदा खाली-वर हलवणं. सौदा पक्का! हे मी लहानपणापासून ऐकलेलं होतं. आणि मीच रोज संध्याकाळी दोन जुन्या दलालांना शेजारी बसवून, बोलायची बंदी करून, हातावर टॉवेल टाकत होते!

"कशाचा सौदा?" आईने विचारलं. फार हळू आवाजात. अण्णा बाळाच्या चित्राकडे बघायला लागले.

"हौशाचा," काका म्हणाले. हौशा हा त्यांचा खिल्लार बैल. अण्णांचा त्याच्यावर डोळा होता. आईने "ट्रॅक्टर असताना बैल कशाला?" म्हणून कधीच बंदी घातली होती.

"आणि इतके दिवस सौदा तुटेना?" डॉक्टरांनाही आता रस वाटायला लागला होता.

"तुटंल कसा? पट्टा डाव्या हाताला!" अण्णा कळवळून म्हणाले. "डाव्या हातानं कधी सौदा व्हतो का?"

डॉक्टरांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "अहो, मूठ आवळली तरी बीपी चढतं. तुम्ही तर मूठ आवळून घासाघीस करताय! आणि त्या आकड्यावर मी गोळ्या वाढवल्या." त्यांनी काकांना बाहेर बसवलं, टॉवेल माझ्या पिशवीत परत कोंबला, अण्णांचा तळवा टेबलावर उघडा ठेवायला लावला आणि पाच मिनिटांनी स्वतः मोजलं. एकशे बत्तीस, चौऱ्याऐंशी.

"एकच गोळी चालू ठेवू. पुढचा आठवडा असंच मोजा. ठीक राहिलं तर तारीख." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही सगळं बरोबर केलंत. टॉवेल सोडून."

आठवडा ठीक गेला. डॉक्टरांनी तारीख दिली आणि बजावलं, "ऑपरेशननंतर तीन महिने जड उचलायचं नाही, आणि बैलाच्या वेसणीला तर हातही लावायचा नाही."

"तीन?" अण्णा म्हणाले.

"तीन."

ऑपरेशनच्या सकाळी अण्णांना स्ट्रेचरवर झोपवलं, अंगावर हिरवी चादर. एवढासा झालेला चेहरा. आई प्रसादाची पुडी शोधायला पिशवीत डोकं घालून बसली होती, म्हणजे रडत होती. मी स्ट्रेचरबरोबर चालत होते. मला खूप काही बोलायचं होतं. इंग्रजीतही सुचेना, मराठीतही सुचेना.

तेवढ्यात चादरीखालून अण्णांचा हात आला आणि त्यांनी माझं बोट धरलं. एकच, पहिलं. घट्ट दाबलं. पुन्हा दाबलं. माझ्याकडे बघितलं.

अण्णा घाबरलेत! माझे अण्णा, जे मारक्या बैलाला घाबरत नाहीत! मला भरून आलं. मी त्यांचा सगळा पंजा दोन्ही हातांनी घट्ट आवळला आणि धीर द्यायला एकदा खाली-वर हलवला.

अण्णांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं की मला वाटलं, आज पहिल्यांदा मी न बोलता सगळं बोलले. दार बंद झालं. आत बीपी एकशे चोवीस भरलं, असं सिस्टर नंतर म्हणाल्या.

ऑपरेशन छान झालं. अण्णा घरी आले, मऊ भात खाल्ला, कुरकुर न करता पडून राहिले. बरोबर एक महिना झाला त्या सकाळी फाटकाशी घुंगरं वाजली. दामूकाका उभे होते. मागे हौशा, शिंगांना गोंडे!

"हा कुणी आणायला सांगितला?" आई ओसरीतून कडाडली. "डॉक्टरांनी तीन महिने सांगितलेत!"

"मी नाय," अण्णा शांतपणे म्हणाले. "भाव उजव्या हातानं कवाच तुटला. मी डॉक्टरांच्या तिनाऐवजी एक महिना मागितला. सुजीनं पक्का केला."

"मी?"

"आत जाताना एक बोट दाबलं ना मी? दोनदा? तू पंजा आवळलास, हलवलास. सौदा झाला. आता बाजारात शब्द फिरवायचा नसतो, पोरी."

दामूकाका कौतुकाने मान हलवत म्हणाले, "एका बोटाला येकदम पंजा! घासाघीस नाय, काय नाय. लय मोठ्या मनाची पोरगी."

वेसणीला मात्र अण्णांना तीन महिने हात लावू दिला नाही. त्यामुळे शब्द जिने दिला तिनेच हौशाला पाणी दाखवायचं, चारा घालायचा, शेण काढायचं असं ठरलं. मी ते केलं. हौशा माझ्याकडे टक लावून बघायचा आणि बोलायचा नाही. आमचं जमलं.

पुढच्या वर्षी मी पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला गेले. सगळी उत्तरं देऊन झाली. साहेब खूश दिसले, उठले आणि हसत हात पुढे केला. मी दोन पावलं मागे सरून त्यांना दोन्ही हात जोडून नमस्कार केला. ते गोंधळले. म्हणाले, "इंग्लिश मीडियम ना तुम्ही?"

हो. पण घरी आधीच एक बैल होता.